झोपायच्या खोलीतली फोडणी

१

अग्नी ज्या दिवशी माणसाच्या ताब्यात आला त्या दिवशी संस्कृती जन्मली, आणि ज्या दिवशी माणसाचं अग्नीवरचं लक्ष उडालं त्या दिवशी तिची राख झाली.

हे वाक्य मकबूल इनामदारांचं. अग्निशमनाच्या नोकरीतल्या एकतीस वर्षांत त्यांनी जळिताचे चारशेच्या वर अहवाल लिहिले आणि प्रत्येक अहवालाची सुरुवात याच वाक्याने केली. त्याखाली एक ओळ सोडून लिहिलेलं असे : 'कारण – शॉर्टसर्किट.' साहेब लोक वरचं वाक्य वाचत नसत, खालच्यावर विश्वास ठेवत नसत आणि दोन्हींच्या मध्ये सही करत.

निवृत्तीनंतर मकबूलभाई नांदेडला स्वतःच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. जळक्याचा वास नाकातून जात नव्हता आणि दचकणं मनातून निघून गेलं होतं. फटाके वाजले तरी ते मान वळवत नसत.

मार्चअखेरच्या एका सकाळी ओट्यासमोर एक तिशी-पस्तिशीचा माणूस येऊन उभा राहिला. त्याने नाव सांगितलं, महांतेश बिराजदार. अहमदपूरकडचा. बियाण्याचं दुकान. मकबूलभाईंच्या बायकोने, सालेहाबींनी चहा आणून ठेवला, तो त्याने प्यायला, बशी पालथी घातली, आणि मग बस चुकल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "आमची अव्वा, आई वारली. धुरानं. चोवीस दिवस झाले."

"आग कशाची?"

"पूजेच्या धूपाचा निखारा गादीवर पडला. कापसाची गादी. जाळ झालाच न्हाई, नुसता धूर. खोलीत ते धुराचं यंत्र होतं, ते वाजलं न्हाई. आत सेल न्हवता. सगळे म्हणतात, सेल माझ्या बायकोनं काढला."

"बायको काय म्हणती?"

"ती बी तसंच म्हणती."

मकबूलभाईंनी कप खाली ठेवला. "मग माझ्याकडं कामून आलाव?"

"ती 'काढला' म्हणत न्हाई, साहेब. 'काढला असंल' म्हणती." महांतेशने पालथी बशी पुन्हा उताणी केली. "रविवारी बैठक हाय. माझी बहीण उदगीरहून येऊन बसलीय. सुकन्याला माहेरी नेऊन सोडायचं म्हणतात. कायमचं. तिनं काढला का न्हाई, तेवढं सांगा."

"आणि काढला असंल तर?"

"तर तसं सांगा."

"तुमाला स्वतःला काय वाटतं?"

महांतेशने बशी कपाखाली सरकवली. "मला काई वाटंनाच झालंय," तो म्हणाला.

आतून सालेहाबींचा आवाज आला, "जाव ना जी. नाहीतरी बसून रस्ता राखताय. रस्ता कुठं पळून जायला नाही."

२

अहमदपूरहून नांदेडकडे निघालं की एका जागी लातूर जिल्हा संपतो आणि नांदेड जिल्हा सुरू होतो. हे कळावं म्हणून तिथे दोन पाट्या आहेत, आणि कोणाला शंका राहू नये म्हणून दोन्ही पाट्यांवर 'स्वागत' आहे. त्याच जागी जिल्ह्यांची हद्द थोडं अंतर रस्त्यावरूनच चालते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. लातूरच्या अंगाला बसवकृपा, नांदेडच्या अंगाला गोदातीर. गोदातीरपासून गोदावरी बरीच लांब आहे, पण पाटीवर तिच्या लाटा काढल्या आहेत. दोन्हींचा बिल्डर एक, नकाशा एक, घरं सोळा-सोळा. फक्त विम्याच्या कंपन्या वेगळ्या. बसवकृपाच्या कंपनीचं म्हणणं, माणूस झोपेत मरतो, म्हणून धुराचं यंत्र प्रत्येकाच्या झोपायच्या खोलीत पाहिजे. गोदातीरच्या कंपनीचं म्हणणं, आग चुलीपाशी लागते, म्हणून यंत्र प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात पाहिजे. दोन्ही कंपन्यांचं बरोबर होतं. त्यामुळे इकडच्या स्वयंपाकघरात यंत्र नव्हतं आणि तिकडच्या झोपायच्या खोलीत नव्हतं.

बसवकृपातलं २०३ नंबरचं घर महांतेशचं. दार त्याच्या बहिणीने, वर्षाराणीने उघडलं. पाठोपाठ सुकन्या पाणी घेऊन आली. तिशीच्या आतली बाई, पण चालणं असं, की पाय दुसऱ्याचे आणून लावलेत. मकबूलभाईंनी पेला उचलला तर बुडाशी मशीनने कोरलेलं होतं, 'सिद्धम्मा बिराजदार'.

"अव्वाची सवयच होती," वर्षाराणी म्हणाली. "नवी वस्तू आली की आधी भांडीवाल्याकडं. नाव टाकल्याबिगर घरात घ्यायची न्हाई. तांब्या, कुकर, हे लाकडी स्टूल सुद्दा बगा. नाव नेहमी पाठीमागं. म्हणायची, समोर टाकलं तर मागून नेणाऱ्याला वाईट वाटतं."

"या घरात नाव न टाकल्याली वस्तू मीच," सुकन्या म्हणाली. विनोद केल्यासारखं नव्हे, मोजदाद केल्यासारखं.

अव्वाच्या खोलीत पलंग होता, गादी नव्हती. भिंती छतापासून कमरेपर्यंत काळ्या आणि त्याखाली स्वच्छ, शाळेत रंगाच्या पट्ट्याने आखाव्या तशा. छताच्या मधोमध ताटलीएवढं यंत्र, त्यावर पोलिसांनी मारलेली चिकटपट्टी. फोटो काढून, 'अपघाती मृत्यू' लिहून, याला हात लावू नका असं बजावून पोलीस गेले होते. पट्टीचं एक टोक आपोआप सुटून लोंबत होतं. सरकारी काम पूर्णपणे चिकटलेलं मकबूलभाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"सांग बेटी."

सुकन्याने भिंतीकडे बघत सांगितलं. अव्वाची पूजा रोज दुपारी बाराला, जेवणाआधी. गुडघ्यांमुळे पलंगावर बसूनच. धूप लावला की यंत्र बोंब मारायचं. अव्वा म्हणायची, देवापुढं बोंब नको. म्हणून रोज साडेअकराला सुकन्या स्टुलावर चढून सेल काढायची, पूजा झाली की परत बसवायची. त्या शुक्रवारी गच्चीवर कुरडया घातलेल्या. साडेअकराला ती खाली आली, अव्वाला पाणी दिलं, वर गेली. दोन वाजता उतरली तेव्हा दाराखालून धूर येत होता.

"अव्वांना वास आला न्हाई?"

"करोना झाल्यापून त्यांना वासच येत नसे."

"साडेअकराला सेल काढलास?"

"रोज काढते."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीचं आठवंना. रोजचं काम कुणाला आठवतंय, चाचा?" मग तिने बोटं मोजत सांगितलं, कुणीतरी विचारेल म्हणून चोवीस दिवस तयार ठेवलं असावं तसं. "पूजेला यंत्र वाजलं न्हाई. वाजलं असतं तर गच्चीवर ऐकू आलं असतं, याच्याआधी आलंय. वाजलं न्हाई म्हंजे सेल काढल्याला होता. सेल मीच काढते. दुसरं कुणी स्टुलावर चढतच न्हाई. म्हंजे मीच काढला."

एकतीस वर्षांत मकबूलभाईंनी इतका चोख अहवाल वाचला नव्हता. त्यात सही करायला जागासुद्धा होती.

"काढला तो काढला," वर्षाराणी म्हणाली, "आन त्या भिंतीवरच्या घड्याळाला घातला असंल. बंद पडलं होतं ते. आता बगा कसं चाललंय."

घड्याळ खरंच चालत होतं. मकबूलभाई त्याच्याकडे बघत राहिले. मग स्टुलावर चढले, यंत्र फिरवून खाली उतरवलं. सेलची जागा रिकामी होती, आडवी काडेपेटी बसेल एवढी चौकोनी. यंत्राची पाठ त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. पाठ कोरी. मग समोरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. काजळी रुमालाने पुसून पुन्हा फिरवलं, तर बोट पिवळं झालं. चिकट, जुनाट पिवळं. त्यांनी ते नाकाशी नेलं. त्या नाकाला एकच वास कळत असे असं त्यांना वाटत होतं, पण दुसराही कळला.

तेल. हळद.

"बेटी," त्यांनी विचारलं, "या खोलीत फोडणी कोण देत होतं?"

३

बसवकृपाचे अध्यक्ष गुरुपादप्पा तळमजल्यावर राहत. मोंढ्यात अडतीचं दुकान चालवून ते आता निवृत्त झाले होते आणि इमारतीतल्या सोळा घरांची काळजी घेत होते. ही काळजी ते दारातल्या आरामखुर्चीतून घेत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बनियन.

"लई वाईट झालं," ते म्हणाले. "सिद्धम्मा म्हंजे मला बहिणीसारखी. पण काय हाय मकबूलभाई, नियम पाळायला पायजे. आपण यंत्रं बसवून दिली. सेल काढा म्हणून कुणी सांगितलं का?"

"बाकीच्या पंधरा घरांतली यंत्रं कशी हैत?"

"एक नंबर! कुठलंबी बटन दाबा, कानात बोटं घालाल."

मकबूलभाईंनी पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांत जाऊन बटणं दाबली. दोन्ही वेळा कानात बोटं घालावी लागली. ते परत येऊन बसले.

"शेवटचं कोण चढलं होतं यंत्रांवर?"

"रविकिरण. आपला वायरमन. दोन्ही इमारतींचं तोच बगतो. गुरुवारी साफसफाई केली त्यानं. आगीच्या आदल्याच दिवशी. बगा, आपण किती काळजी घेतो."

"आणि गोदातीरचे अध्यक्ष?"

गुरुपादप्पांच्या चेहऱ्यावर एक वेगळा आदर पसरला. ते खुर्चीत जरा सावरून बसले, जणू ते गृहस्थ रस्ता ओलांडून येताहेत. "मल्लिकार्जुनप्पा. आमचे व्याही. माझी धाकटी त्यांच्याकडं दिलीय. सोन्यासारखा माणूस."

"येणंजाणं?"

"हे काय विचारणं झालं? सतरंज्या आपल्याच जातात तिकडं. कढया, पाण्याचं पिंप, मांडवाचे बांबू. पोरीच्या बापाला न्हाई म्हणून चालतंय का?"

एवढ्यात रस्त्यापलीकडून एक किंचाळी आली. बारीक, लांब, थांबून थांबून येणारी. मकबूलभाई दचकले. कितीतरी वर्षांनी दचकले, त्यामुळे त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी. आमट्या-वरणांची वेळ.

"काय वाजतंय?"

"ट्रॅक्टर," गुरुपादप्पा तत्काळ म्हणाले. "हॉर्न अडकतो त्यांचा."

मकबूलभाईंनी फाटकातून रस्ता बघितला. नांदेडकडे रिकामा होता. लातूरकडेही रिकामा होता.

४

रविकिरण आपल्या टपरीवजा दुकानात एक मिक्सर उघडून बसला होता. चाळिशीचा, गरीब डोळ्यांचा माणूस. मकबूलभाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि मिक्सरचीच चौकशी केली. कॉइल जळालं होतं. दोघांनी कॉइलबद्दल हळहळ व्यक्त केली.

"गुरुवारी यंत्रं साफ केलीस म्हणे."

"हाव साहेब."

"कशानं?"

"कपड्यानं."

"चांगला पुसतोस?"

"म्हंजे काय! आरशावानी."

मकबूलभाईंनी रुमालातून आपलं पिवळं बोट बाहेर काढलं. ते त्यांनी मुद्दाम धुतलं नव्हतं. "मग हे २०३ मधल्या यंत्रावर एका दिवसात कुठून आलं? म्हातारीनं पलंगावर कढई मांडली होती का?"

रविकिरणने मिक्सरचा एक स्क्रू बसवला, काढला, पुन्हा बसवला.

"मी वायरमन हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. "जिथं चढ म्हणतात तिथं चढतो."

"उतरवलेलं काय करतोस?"

रविकिरण मिक्सरवरची धूळ पुसायला लागला.

"बरं, दुसरं सांग. गुरुवारी तू चढलास. शुक्रवारी सकाळी गोदातीरला पाहुणा कोण आला होता?"

रविकिरणच्या हातातून स्क्रू पडला. तो शोधायला तो वाकला आणि वर आलाच नाही. टेबलाखालूनच त्याचा आवाज आला. "मला दोन पोरी हैत, साहेब. बैठकीत मला काई विचारू नका."

"पोरी शाळेत जातात?"

"जातात."

"मग त्यांनी तुला आधीच विचारलं असंल," मकबूलभाई म्हणाले आणि उठले. रस्त्याच्या कडेला ते क्षणभर उभे राहिले. आता किंचाळी कुठल्या मजल्यावरून आली होती, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

५

फार शोधावं लागलं नाही. गोदातीरच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी दार सताड उघडं टाकून, पदराने वारा घालत उभी होती. चतुराबाई. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, यंत्र इथे.

"तुमी कंपनीचे का?" मकबूलभाईंची पँट बघून तिने विचारलं.

"थोडाफार."

"मग या! बगा त्या मुडद्याकडं!" तिने त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. छतावरच्या यंत्राला टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेलवर सुतळी आवळली होती. गळफास लावावा तसं. "आधी लई गुणाचं होतं हो. दोन वर्सं तोंडातून शब्द काढला न्हाई. आता महिना होत आला, मोहरी टाकली की बोंबलतंय. मिरची भाजायची सोय न्हाई. मी अध्यक्षाला सांगितलं."

"मल्लिकार्जुनप्पांना? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बिघडलंय ते. वायरमनला धाडतो. अजून धाडतेत."

वाजायला लागलं म्हणून बिघडलं. मकबूलभाईंनी हे मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आधी वाजत कामून नव्हतं?"

"पोरानं जाताना सेल काढून ठेवला होता. म्हणाला, माय, तुला तरास नको. सगळ्यांनीच काढलेत की इथं. महिन्यामागं त्यो इम्याचा कंपनीवाला आला शुक्रवारी, बटनं दाबली, समद्या घरात वाजलं, पेढे वाटले. मला बी दिला एक. शनवारपून बाकीची परत गप झाली, आन माझं हेच एक बोलकं ऱ्हायलं. तुमीच सांगा, मी काय पाप केलं?"

मकबूलभाई खुर्चीवर चढले. सुतळी सोडली, टॉवेल काढला, यंत्र फिरवून उतरवलं. आत चौकोनी सेल जागेवर होता. समोरची बाजू जेमतेम महिनाभराच्या तेलाने पिवळी पडायला लागली होती. त्यांनी ते उलटं केलं. पाठीवर भांडीवाल्याच्या मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं :

सिद्धम्मा बिराजदार, २०३.

"काय लिवलंय?" चतुराबाईने विचारलं. "गॅरंटी हाय का?"

"होती," मकबूलभाई म्हणाले.

६

रविवारी सकाळी बिराजदारांच्या बैठकीत सतरंजी अंथरली. महांतेश भिंतीला टेकून बसला. त्याच्यासमोर वर्षाराणी. गुरुपादप्पांनी आपली खुर्ची खालून मागवली नाही, कारण त्यांचे व्याही मल्लिकार्जुनप्पा आले होते आणि व्याह्यांना त्यांनी घरातली एकुलती खुर्ची दिली. दाराशी रविकिरण. सुकन्या स्वयंपाकघराच्या चौकटीत, आतही नाही आणि बाहेरही नाही. तिची बॅग भरून कोपऱ्यात ठेवली होती.

"बोला मकबूलभाई," गुरुपादप्पा म्हणाले. "थोडक्यात बोला. पोरीला दुपारची गाडी हाय."

मकबूलभाईंनी दोन्ही यंत्रं सतरंजीवर ठेवली. एक काळं, एक स्वच्छ.

"आधी घड्याळाचं. वर्षाराणीबाई, तुमी म्हणालात यातला सेल घड्याळात गेला. या यंत्राचा सेल हा असा असतो." त्यांनी स्वच्छ यंत्रातून चौकोनी सेल काढून दाखवला. "घड्याळाला लागतो तो बोटासारखा गोल. हा त्यात बसवून दाखवा, मी आत्ता गाडीनं जातो."

वर्षाराणीने सेल हातात घेतला, घड्याळाकडे बघितलं, आणि सेल परत ठेवला.

"आता हे काळं यंत्र. आगीच्या दिवशी अव्वांच्या डोक्यावर हे होतं. काजळीच्या खाली तेल हाय, हळद हाय. दोन वर्सांच्या फोडण्या. झोपायच्या खोलीत फोडणी होत न्हाई. बसवकृपात यंत्रं झोपायच्या खोलीत असतात. स्वयंपाकघरात कुणाकडं असतात?"

सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडे गेल्या. मल्लिकार्जुनप्पा छताकडे बघायला लागले.

"दुसरं. अव्वा नाव टाकल्याबिगर वस्तू घरात घेत नव्हत्या. याची पाठ कोरी हाय. आणि हे दुसरं, यावर अव्वांचं नाव हाय, २०३ नंबर हाय, आत सेल हाय, आणि हे मला मिळालं गोदातीरला, चतुराबाईंच्या गॅसवर. तिथं ते कधीपासून वाजतंय? त्याच शुक्रवारपासून." त्यांनी दाराकडे बघितलं. "रविकिरण, काई विचारू नका म्हणाला होतास. न्हाई विचारत."

खोलीत कोणीच काही विचारलं नाही. बहुधा त्यामुळेच रविकिरणला राहवलं नाही.

"अदलाबदल केली," तो चपलांकडे बघत म्हणाला. "तिकडची सगळी मेल्याली. सेल काढल्याले, तेलानं बरबटल्याले. शुक्रवारी तपासणी होती. म्हणून गुरुवारी इकडची चालू सोळा तिकडं नेली. इकडं छत मोकळं दिसू नये म्हणून तिकडची मेल्याली सोळा इकडं लटकवली. दोन दिवसांचाच सवाल होता. शनवारी पंधरा परत बदलली. या घरातल्याला पोलिसांनी पट्टी मारली होती. ते बदलता आलं न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"दोघांनी बी."

गुरुपादप्पांनी कपाळावरून हात फिरवला, तशी विभूती पुसली गेली. त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "व्याह्यांनी मागितलं," ते म्हणाले. "सतरंज्या मागितल्या, दिल्या. कढया मागितल्या, दिल्या. हे बी मागितलं. पोरगी त्यांच्या घरात हाय. दोन दिवसांत कुठं आग लागती, असं वाटलं. आन मग... सुकन्या स्वतःच म्हणाली, मी काढला असंल. मी तिला म्हण म्हणालो न्हाई."

"तुमी न्हाई बी म्हणालाव न्हाई," मकबूलभाई म्हणाले.

मल्लिकार्जुनप्पा उठले. काहीतरी बोलतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली आणि बाहेर पडले. गुरुपादप्पा सवयीने त्यांना जिन्यापर्यंत सोडायला उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"हे मी लिहून पोलिसांना देणार हाय," मकबूलभाई त्यांच्या पाठीला म्हणाले. "दोघांचीबी नावं घालून."

रविकिरण त्यांच्या बाजूने अंग चोरून निघून गेला.

महांतेशने बायकोकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच बघत असावा. कारण मध्येच तो थांबला आणि जमिनीकडे बघायला लागला. मग उठून त्याने कोपऱ्यातली बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली, आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ आवाज येत राहिला. बहुधा कोणती साडी कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हतं.

वर्षाराणी तेवढी बसून होती. "तरी बी," ती हळू म्हणाली, "तरी बी ती वर होती." पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. आईच्या रिकाम्या पलंगाला सांगत असल्यासारखं होतं. मग ती पदर तोंडाला लावून रडली. त्या घरात इतक्या दिवसांत कुणी आवाज काढून रडत होतं ते हे पहिलंच.

मकबूलभाई चौकटीपाशी गेले. सुकन्या अजून तिथेच उभी होती. एकतीस वर्षांत त्यांनी घरं जळालेली माणसं बघितली होती. त्यांना काय सांगायचं हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं.

"बेटी, समजलं का तुला?"

"त्या दिवशी मी स्टुलावर चढले का न्हाई?"

"ते मला न्हाई सांगता येणार. पण चढली असतीस तर सेलची जागा रिकामी दिसली असती, आणि ते तुला जन्मभर आठवलं असतं. म्हणून न्हाई चढलीस, असं मला वाटतं. चढली असतीस तरी हातात काई आलं नसतं. तुझा सेल त्या दुपारी रस्त्याच्या पलीकडं होता. दुसऱ्या जिल्ह्यात."

"म्हंजे मी काढला न्हाई."

"न्हाई काढलास."

ती हे वाक्य कुठे ठेवायचं ते शोधत असल्यासारखी उभी राहिली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. रडली नाही, हात जोडले नाहीत. मकबूलभाईंना वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलेल. अव्वाबद्दल, न्यायाबद्दल, निदान देवाबद्दल. त्यांनी मान खाली घालून वाट बघितली.

ती वळून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. एका ताटलीत सकाळची भाकरी घेऊन ती परत आली. दुसऱ्या हातात लोणच्याची काचेची बरणी होती. आग लागल्यापासून ती उभ्या उभ्या दोन घास खात होती हे महांतेशने त्यांना गाडीत सांगितलं होतं. आता ती चौकटीतच खाली बसली, ताटली समोर घेतली आणि बरणी त्यांच्याकडे धरली.

"चाचा," ती म्हणाली, "हे झाकण निघंना. तेवढं काढून द्या."